पेल्याच्या पुढं जाणारा हात

लिंबाला पांढरे तुरे आले आणि दुपारच्या झळांबरोबर त्यांचा कडसर वास खिडकीतून आत यायला लागला, की मला परीक्षा आल्याचं कळतं. आता माझी कसली परीक्षा उरलेली नाही. धाराशिवात मी भाच्याच्या घरी राहते. गल्लीतली पोरं गच्चीवर येरझाऱ्या घालत पाठ करत असतात, त्यांच्या आया खालून हाका मारतात, आणि मी दिवाणावर त्या आवाजांकडं पाठ करून पडून असते. पावसाळा मला सोसतो, थंडीही सोसते. फाल्गुन-चैत्राचं हे पांढरं ऊन तेवढं सोसत नाही.

यंदा भाच्याची मुलगी मुग्धा इंजिनिअरिंगच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन माझ्या पायाशी येऊन बसली. वाचता वाचता तिनं पुस्तक माझ्यापुढं धरलं. "आत्याआजी, हे बघ, किती जुनं यंत्र आहे. अजून आम्हाला याच्यावर प्रश्न येतो." चित्रात एक उभा दांडा होता आणि त्याच्या दोन बाजूंना लोंबणारे दोन गोळे. मी चष्मा लावलेला नव्हता, तरी ओळखलं.

"गव्हर्नर," मी म्हटलं.

"अय्या, तुला कसं गं माहीत?"

"मुरूमला आमच्या घरामागं होता एक."

एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता. परीक्षेच्या तोंडावर पोरीला बाकीचं काय सांगायचं. पण तिनं पुस्तक मिटलं तरी माझ्या डोळ्यांपुढचे ते गोळे काही फिरायचे थांबेनात.

त्या गोळ्यांच्या मागोमाग हेही आठवले. हे म्हणजे माझे यजमान. मुरूमच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांचं नाव घ्यायची सवय मला तेव्हा लागली नाही, आता कुठून लागणार. म्हणून इथंही 'हे' असंच म्हणते. मूळ घर तुळजापूरचं, घराण्यात भिक्षुकी आणि मास्तरकी दोन्ही. शिक्षण मात्र हैदराबादेत झालं, सगळं उर्दूतून. मग निजामी गेली, पुढं राज्यही बदललं, मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि जे गणित ह्यांच्या डोक्यात उर्दूत रुजलं होतं ते फळ्यावर मराठीत उतरवायची पाळी आली. जेवताना मधेच घास हातात धरून विचारायचे, "तफर्रुकी मसावातला आपल्यात काय म्हणावं गं?"

मी सातवी पास. मी म्हणायची, "आधी ते काय असतं ते तरी सांगा."

"असं एक समीकरण. एखादी गोष्ट आत्ता कुठं आहे ते सांगत नाही, आत्ता कशी बदलतीय तेवढंच सांगतं. पण बदलण्याची रीत एकदा हाती आली, की पुढचा सगळा रस्ता काढता येतो."

"सगळा?"

"सगळा."

हा शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख दिसायचं, ते मी दुसऱ्या कशानंही आलेलं पाहिलं नाही. मला मात्र ते ऐकून थोडं दडपण यायचं. सगळा रस्ता आधीच कळून करायचं काय, असं मनात यायचं. पण मी बोलले नाही. नवं लग्न होतं, आणि ते बोलत होते ते माझ्याशी बोलत होते, याचंच मला अप्रूप होतं.

त्यांना हैदराबादला जाऊन एम.ए.ची परीक्षा द्यायची होती. शाळा सांभाळून बाहेरून. जिल्ह्यात कॉलेज निघणार अशी बोलवा होती, तिथं गणिताला माणूस लागला असता. पण खरं वेड निराळंच होतं. हैदराबादच्या एका मित्रानं त्यांना एक परदेशी पुस्तक पाठवलं होतं. स्वतःची चूक स्वतः सुधारणाऱ्या यंत्रांबद्दलचं. बंदूक विमानाच्या मागं कशी वळते, जहाजाचं सुकाणू आपोआप सरळ कसं राहतं, आणि या सगळ्यांच्या मुळाशी तीच ती बदलाची समीकरणं कशी असतात. परीक्षेला यातलं काही नव्हतं. तरी शाळेतून आले की पगडी काढावी तशी मास्तरकी काढून ठेवायचे आणि ते उघडून बसायचे. या विद्येला मराठीत नाव काय द्यावं, यावर आमचे कितीतरी चहा झाले.

"उर्दूत ज़ब्त म्हणता येईल. पण आपल्याकडं आलं की त्याची जप्ती होते."

"कंट्रोल म्हणा सरळ."

"कंट्रोल म्हटलं की लोक साखरेसाठी पिशवी घेऊन उभे राहतील."

"मग आवर म्हणा."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "आवर," त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. "आवराचं गणित. छान आहे की." त्या दिवशी त्यांनी मला तो विषय चुलीपाशी बसून समजावला. दूध उतू यायला लागलं की तू लाकूड मागं ओढतेस. पण निखाऱ्यांची धग लगेच जात नाही, म्हणून घाबरून आणखी ओढतेस. मग दूध बसतं, आच मरते, तू लाकूड पुन्हा आत सारतेस, जरा जास्तच. चूक तुझी नाही, चूक उशिराची आहे. तुझ्या करण्यात आणि दुधाला ते कळण्यात जे अंतर आहे, त्याची. मी म्हटलं, "एवढ्यासाठी पुस्तक कशाला लागतं?" तर म्हणाले, "किती ओढावं आणि किती उशीर चालेल, ते सांगायला लागतं."

ती सुगी मला अजून दिसते. मुरूमच्या बाजारात ज्वारीचे ढीग, कडब्याच्या गाड्या, अर्धी बोली मराठीत, अर्धी कानडीत. करडईचा हंगाम होता. आमच्या भाड्याच्या खोल्यांच्या मागं रशीदभाईंची गिरणी होती. एकाच ऑईल इंजिनावर पिठाची चक्कीही चालायची आणि करडईचा घाणाही. सकाळपासून त्या इंजिनाचा ठोका घरात ऐकू यायचा, इतका सवयीचा, की बंद पडला तरच लक्षात यावा. शनिवारची दुपार होती. हे मॅट्रिकच्या पोरांचे सराव पेपर तपासत होते. एकदम मान वर करून म्हणाले, "ऐकलंस? चढतंय, उतरतंय, परत चढतंय."

मला ज्वारी दळायची होतीच. डबा घेऊन मीही त्यांच्या मागं गेले.

रशीदभाई इंजिनापुढं हताश उभे होते. धिप्पाड माणूस, अंगभर पीठ. "या मास्तरसाब, बघा याचा मिजाज. कधी भागता है, कधी मरता है. गिऱ्हाईक बोंबलूलालेत, पीठ कधी बारीक कधी भरड."

हे गव्हर्नरपाशी उकिडवे बसले. दोन गोळे फिरत होते, वर उचलले जात होते, खाली पडत होते, पुन्हा वर. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि इंजिनाचं तेल कमी करतात. वेग उतरला की खाली येतात आणि तेल वाढवतात. "बघा रशीदभाई," हे ओरडून सांगत होते, "त्याला कळतंय, तो सुधारतोयही. पण उशिरा सुधारतोय आणि जास्त सुधारतोय." गव्हर्नरच्या बाजूला एक छोटी नळकांडी होती, तिच्यात दट्ट्या. गोळ्यांनी एकदम उडी मारू नये म्हणून त्यात घट्ट तेल असायला हवं होतं. ती कोरडी पडली होती.

"एरंडेल आहे का?"

रशीदभाईंनी घरातून बाटली आणवली. इंजिन थांबवून नळकांडी भरली. पुन्हा चालू केल्यावर गोळे एकदा वर गेले, थोडे खाली आले, थोडे हलले, आणि एका उंचीवर फिरत राहिले. ठोका एकसारखा झाला.

"वा मास्तरसाब! एरंडेल पाजलं तर आराम पडला की याला!" रशीदभाई पोट धरून हसले. दळणाला आलेल्या बायाही हसल्या. हे मात्र हसत नव्हते. लहान मूल जत्रेत बघतं तसं त्या गोळ्यांकडं बघत होते. घरी येताना मला म्हणाले, "घर्षणाला सगळे नावं ठेवतात. पण ते नसेल तर जगात कुठलीच गोष्ट ठिकाणावर येणार नाही." त्यांना इतक्या आनंदात मी त्यानंतर पुन्हा पाहिलं, ते एकदाच. आणि ते पाहून मला रडू आलं होतं.

पहिल्यांदा पेला पडला तेव्हा आम्ही दोघांनीही उन्हाला दोष दिला. पाण्याचा पितळी पेला पाटाशेजारी होता. ह्यांचा हात त्याच्याकडं गेला आणि त्याला ओलांडून पुढं गेला. तो मागं आला तर अलीकडं आला. मग घाईनं पुढं गेला आणि पेला लवंडला. मी पाणी पुसलं. दुसऱ्या वेळी भाताचा घास गालाला लागला. मग शाळेत फळ्यावर वर्तुळ बिघडलं. हे कंपास न घेता नुसत्या हातानं वर्तुळ काढायचे, एका फेऱ्यात, आणि टोकं अशी जुळायची की सांधा दिसू नये. पोरं त्यासाठी वाट बघत बसायची. त्या दिवशी टोकं जुळली नाहीत. वर्ग हसला. घरी येऊन हे मला म्हणाले, "आज वर्तुळाचं वांगं झालं." तेही हसत म्हणाले. मीही हसले.

माणूस किती दिवस हसून नेतो. गमतीची गोष्ट अशी, की हात मांडीवर पडलेला असला की एकदम शांत असायचा. कापरं भरावं तसं नव्हतं ते. काही घ्यायला निघाला, की त्याला ते ठिकाण सापडेनासं व्हायचं. मी देवीला नवस बोलले. शेजारणीनं दृष्ट काढायला सांगितली, तीही काढली. हे मुकाट बसून सगळं करून घ्यायचे.

एका रविवारी दुपारी मला म्हणाले, "पेला इथं ठेव. समोर." मी ठेवला. त्यांनी हात पुढं केला, सावकाश, आणि डोळे पेल्यावर नव्हते, हातावर होते. हात पुढं गेला, मागं आला, पुढं गेला. दर वेळी झोका मोठा होत होता. पेला उडाला, भिंतीला लागला, घरंगळत उंबऱ्यापाशी गेला. मी धावले तर म्हणाले, "राहू दे. परत ठेव." पुन्हा तेच. आणि मग त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. उठून ते पुस्तक काढलं, एक पान काढून माझ्यापुढं धरलं, जणू मला इंग्रजी वाचता येत होतं. "हे बघ. यात लिहिलंय. असा एक रोगी. हात कुठंवर आला याचा निरोप मेंदूला मिळतो, पण सुधारणा जास्त होते. गव्हर्नरसारखंच आहे हे. ओळखलं मी."

कोडं सुटल्याचा आनंद होता तो. आपण स्वतःच ते कोडं आहोत, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला असावा. मला आधीच आलं होतं. मी पदर तोंडात धरला. मग त्यांनी पुस्तक मिटलं, आणि गिरणीच्या इंजिनाचा ठोका घरभर ऐकू येत राहिला, एकसारखा.

मुग्धाच्या पुस्तकात, मला वाटतं, आता हे सगळं बरंच पुढं गेलं असेल. ती सांगते, की समीकरणाची मुळं एका रेषेच्या कुठल्या बाजूला पडतात यावर सगळं ठरतं. एका बाजूला पडली की हेलकावे विरत जातात, दुसरीकडं पडली की वाढत जातात. मला त्यातलं समजत नाही. रेषा कोण आखतं आणि मुळं कोण पेरतं, हे तिच्या पुस्तकात नसावं.

उपायही त्यांनीच काढला. इंजिनाला जसं घट्ट तेल, तसं हाताला काहीतरी जड. रशीदभाईंकडं गेले. रशीदभाईंनी जुन्या पट्ट्याचं चामडं कापलं, त्यात लोखंडाचा तुकडा शिवला, बक्कल लावलं, आणि स्वतः ह्यांच्या मनगटावर बांधलं. "सख्त तो नहीं हुआ?" असं दोनदा विचारलं. घरी येऊन हे पाटावर बसले. मी पेला ठेवला. हात पुढं गेला, जरा अडखळला, आणि पेल्यावर टेकला. उचलला. ओठांपर्यंत आला. पाणी सांडलं नाही. त्या वेळी ह्यांचा चेहरा पाहून मला रडू आलं, तेच ते.

तो पट्टा बांधून त्यांनी मॅट्रिकच्या वर्गाची उजळणी पुरी केली. अक्षर मोठं झालं होतं, पण वाचता यायचं. सकाळी बक्कल मी लावायची, दुपारी मी सोडायची. खाली चामड्याचा वळ उठलेला असायचा, त्यावर खोबरेल लावायची. तेवढे दिवस मला वाटलं, आवरलं आपण. दूध उतू जाता जाता राहिलं.

मग पाय निघाले. चालताना पावलं फाकायला लागली, वळणावर तोल जायला लागला. बाजाराच्या दिवशी हे शाळेतून येत होते, मी भाजी घेत उभी होते. कडब्याच्या गाडीपाशी दोन माणसं बोलत होती. एकजण म्हणाला, "मास्तर दुपारीच टाकून येतेत व्हय आता?" दुसरा म्हणाला, "लेकरं काय शिकतील मग." मी तिथंच उभी होते, आणि हे समोरून येत होते, खरंच तसेच येत होते. त्यांनी मला पाहून हात वर केला. तो हातही नको तिथं गेला.

दोन दिवसांत बोलणं शाळेत पोचलं. हेडमास्तरांनी ह्यांना बोलावून घेतलं. भले गृहस्थ होते, अवघडून बोलले असणार. हे घरी येऊन सांगत होते, "ते म्हणाले, पालक तक्रार करतेत. मी म्हटलं, माझं तोंड हुंगून बघा. तर त्यांनी मान खाली घातली." हे सांगताना जीभही जड पडत होती. शब्दांचे तुकडे होत होते. पिणाऱ्यासारखे. ते त्यांनाही ऐकू येत होतं.

रशीदभाईंच्या कानावर गेलं तेव्हा ते गिरणी बंद करून बाजारात गेले आणि त्या माणसाची गचांडी धरली, असं मला नंतर कळलं. हे त्यांच्यावर रागावले. "कशाला रशीदभाई? त्याला जे दिसलं ते तो बोलला." रशीदभाई आमच्या ओट्यावर बसून मान हलवत राहिले. "मास्तरसाब, सोलापूरला चला. मी आणतो गाडी. अब देर नक्को."

सोलापूरचा डॉक्टर तरुण होता. त्यानं ह्यांना स्वतःच्या नाकाला बोट लावायला सांगितलं, मग त्याच्या बोटाला, मग पुन्हा नाकाला. एका रेषेत चालवलं. गुडघ्यावर हातोडी मारली. मग हात धुऊन बसला आणि म्हणाला, मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, हालचालींचा तोल तो सांभाळतो, तो झिजत चालला आहे. आपल्याकडं याला औषध नाही.

हे म्हणाले, "एवढंच सांगा. एका जागी थांबेल, का वाढत जाईल?"

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. "वाढत जाईल."

ह्यांनी मान डोलावली, पोराचं उत्तर बरोबर आलं की डोलवायचे तशी. येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडत होते. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "माझं गणित बरोबर आलं." आणि आणखी बऱ्याच वेळानं, "चुकावं असं फार वाटत होतं गं."

माणसाला आपला पुढचा रस्ता कळला की तो काय करतो? मला वाटलं होतं, हे आता परीक्षेला जायचे नाहीत. पण वैशाखात आम्ही हैदराबादला गेलो. लेखनिक मिळावा म्हणून त्यांनी अर्ज करावा असं मी सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. "ही चिन्हं दुसऱ्याला सांगून लिहिता येत नाहीत. हात डोक्याच्या पुढं चालतो." आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते ओशाळं हसले.

पहिले पेपर त्यांनी रेटले. मी बाहेर एका मोठ्या वडाखाली बसायची, फिरकीच्या तांब्यात पाणी घेऊन. पेपर सुटला की त्यांना धरून आणायची, पट्टा सोडायची, दंड चोळायची. लोखंडाच्या ओझ्यानं खांदा सुजला होता. शेवटचा पेपर त्या समीकरणांचा. ज्याची वाट बघत त्यांनी बाकीचे दिले होते. आत जाताना म्हणाले, "आज वेळ पुरायची नाही, इतकं लिहिण्यासारखं आहे." ऊन इतकं होतं, की वडाखालचे कावळेही चोच उघडी टाकून बसले होते.

पेपर सुटायच्या आधीच ते बाहेर आले. एक शिपाई दंडाला धरून आणत होता. मनगटावर पट्टा नव्हता, तो शिपायाच्या हातात होता. खांदा वर उचलेना म्हणून ह्यांनी तो सोडला होता, आणि सोडल्यावर हात सुटला होता. पेनाच्या निबनं कागद फाटले होते. बोटांना शाई, सदऱ्याला शाई, कपाळालाही. मी पदर भिजवून पुसत होते आणि ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. जीभ अडत होती म्हणून मला ते उशिरा समजलं. "सगळं येत होतं. सगळं येत होतं मला."

निकाल आला तेव्हा बाकीच्या विषयांत पास होते. या एकात नापास.

त्या निकालाचं कुणाला काही वाटलं नाही. तोवर नोकरीही सुटली होती. मुरूमचं बिऱ्हाड मोडून आम्ही तुळजापूरला थोरल्या दिरांकडं आलो. निघताना रशीदभाईंनी सामान गाडीत चढवलं, ह्यांना उचलून बसवलं, आणि गाडीचा दांडा धरून उभे राहिले. बोलणं ह्यांना जमत नव्हतं, रशीदभाईंना सुचत नव्हतं.

पुढं हे दीड-दोन वर्षं होते. गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणाला, "सुटले बिचारे." मीही मान हलवायची. आता वाटतं, कुणाला तरी सांगायला हवं होतं, की जन्मभर ह्यांना आवर सुटण्याचीच भीती होती. पण तेव्हा माझ्या अंगात तेवढं बोलण्याचं त्राण नव्हतं, आणि ऐकणाराला तरी त्यातलं काय कळलं असतं.

मला त्या दिवसांतली एक दुपार अशी आठवते, की ती विसरायची सोयच नाही. पुन्हा परीक्षांचे दिवस होते. ह्यांची शाळा सुटून वर्ष होत आलं होतं. दिरांची मुलं आतल्या खोलीत पाढे घोकत होती. हे सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांना कण्या भरवल्या, तोंड पुसलं. त्यांनी खुणेनं मुलांची पाटी मागितली. मी मांडीवर ठेवली आणि खडू बोटांत धरवला. हात उडाला, खडू तुटला. दुसरा धरवला, आणि या वेळी मी मनगट घट्ट धरलं.

त्यांनी मान हलवली. मोठ्या कष्टानं म्हणाले, "धरू... नको. नुसता... ठेव."

मी माझा हात त्यांच्या हातावर नुसता ठेवला. जोर लावला नाही. हात थरथरला, थांबला, निघाला. पाटीवर एक रेघ वर चढली, खाली उतरली, पुन्हा चढली, जरा कमी. पुन्हा उतरली, त्याहून कमी. डोंगर लहान होत गेले, टेकड्या झाल्या, मग नुसती ओरखड्यासारखी हलकी लाट, आणि मग पाटीच्या कडेपर्यंत सरळ रेघ. कितीतरी दिवसांनी त्यांनी काढलेलं काहीतरी पुरं झालं होतं. दोघांच्या हाताला घाम आला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"आवरलेलं," ते म्हणाले.

आत मुलं अकराचा पाढा म्हणत होती. मी पाटीकडं पाहत राहिले. तोंडून निघून गेलं, "आणि तुमचं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळे अगदी पूर्वीचे होते, वर्गात उभ्या राहिलेल्या मास्तराचे. त्यांनी खडू खाली ठेवायचा प्रयत्न केला, तो माझ्या हातात पडला. मग एकेक शब्द गोळा करून, कुठंही न अडखळता म्हणाले,

"त्याला पाटी पुरायची नाही."